वहिनीची कमान

कमानीच्या आत त्या दिवशी होतं ते असं: शेवंडी सात, पैकी एकीची डावी मिशी मुळापासून तुटलेली. सापासारखे लांब वाम मासे दोन, एकाच कपारीत, तोंडं विरुद्ध दिशांना. पंख्यासारखं पसरलेलं जांभळं पोवळं एकोणीस ठिकाणी, त्यातल्या तीन ठिकाणी कडा थंडीने पांढऱ्या पडलेल्या. छताला चिकटून उलटे पोहणारे लाल मासे. ते हलत राहिल्यामुळे दोनदा मोजले, एकदा एकतीस आले, एकदा चौतीस. वाळूत चपटा पाकट मासा एक. कासव एक, झोपलेलं. आणि माणसं दोन: वहिनी आणि तिची नणंद.

नणंदेला अख्खं बंदर कोळंबी म्हणायचं, कारण दचकली की ती मागच्या मागे उडी घ्यायची. पाण्याखालीही तिने तेच केलं. वाम दिसल्याबरोबर ती अशी मागे सरकली की तिच्या पाठीवरचा सिलिंडर दगडावर आपटला आणि घंटा वाजावी तसा आवाज कमानीभर घुमला. कासव मात्र जागं झालं नाही.

वहिनी मोजत होती, कारण तिच्या नवऱ्याने तसं सांगितलं होतं. अंधाऱ्या जागी छाती धडधडायला लागली तर समोर दिसेल ते मोजायला घे. मोजणाऱ्याचा श्वास आपोआप लांब होतो. तिने मोजलं, श्वास लांब झाला, आणि दुसऱ्या टोकाला निळा उजेड दिसला तेव्हा आपण घाबरायचं विसरूनच गेलो हे तिच्या लक्षात आलं. बोटीवर आल्यावर ती कोळंबीला म्हणाली, "आज घरी सांगते."

"आजच?" कोळंबी म्हणाली. "मग मी बाहेर जेवते."

बंदरावर तिला सगळेच वहिनी म्हणत, तिच्या वडिलांच्या वयाचे खलाशीसुद्धा. लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याच्या मित्रांनी सुरू केलं आणि मग तेच नाव झालं. तिचं काम कंप्रेसरच्या खोलीत. डायव्हरांचे रिकामे सिलिंडर यायचे, ती ते पाण्याच्या हौदात उभे करून हवेने भरायची, आणि प्रत्येकावर तळहात ठेवून बघायची. सिलिंडर गार असला की बाहेर, कोमट असला की परत हौदात. घाईत भरलेली हवा तापते, आणि तापलेली हवा दाबाच्या मीटरवर खोटं बोलते. सिलिंडर पुरा भरल्याचे दोनशे बार दाखवते, पण थंड पाण्यात गेल्यावर आक्रसते आणि खरा आकडा बाहेर येतो. हे वहिनीला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच हिवाळ्यात दोन पाहुणे वेळेआधी वर येऊन भांडले, तेव्हा तिने कारण शोधून काढलं होतं, आणि तिच्याच हट्टाने तो हौद बांधला गेला होता.

बेट तसं लहान. पश्चिमेला काळ्या दगडाचे कडे, त्यांच्यावर पाणकावळ्यांची वस्ती, खाली ओहोटीला उघडी पडणारी डबकी. पूर्वेच्या अंगाने एक उबदार प्रवाह बेटाला घासून जातो, म्हणून इतक्या उत्तरेला येऊनही इथे पोवळं जगतं. हिवाळ्यात मात्र पाणी अठरा अंशांवर उतरतं. त्यामुळे एकाच खडकावर गरम समुद्राचं पोवळं आणि थंड समुद्राचं तपकिरी शेवाळ शेजारीशेजारी, भाडं एकाच घरमालकाला देणाऱ्या दोन बिऱ्हाडांसारखी, जरा कुरकुरत पण राहतात. हे बघायला लोक लांबून येतात. आणि त्यांना सगळ्यात जास्त बघायची असते ती कमान. अठरा मीटर खोलीवर एका सुळक्याच्या पोटातून आरपार गेलेला बोगदा. उत्तरेच्या तोंडातून शिरायचं, मध्ये एक वळण, तिथे मागचा उजेडही दिसत नाही आणि पुढचाही नाही, आणि मग दक्षिणेचं तोंड.

सुळक्यासमोर बोटी बांधायला नऊ बोये होते. डायव्हरांच्या संघटनेचा नियम असा की बोया घराच्या नावावर, पण घरात कमानीचा गाइड असेल तोवरच. गाइड व्हायचं तर हंगाम सुरू होण्याआधी खुद्द अध्यक्षांना कमानीतून पार न्यायचं, सुळक्यावरून परत आणायचं, आणि बोटीवर आल्यावर दोघांच्याही सिलिंडरमध्ये पन्नास बार हवा शिल्लक हवी. ज्या घरात गाइड नाही त्याचा बोया दुसऱ्याला. यंदा दुसरं कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. टेकडीवरच्या हॉटेलने कधीचं मागून ठेवलं होतं.

वहिनीच्या घरात गाइड तिचा नवरा होता. सहा महिन्यांपूर्वी वर येताना त्याच्या उजव्या कानात आत काहीतरी फाटलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता डोकं बुडवायचं ते फक्त बादलीत. अजूनही त्याने पटकन मान वळवली की भिंत धरायला लागायची.

जेवायला बसल्यावर वहिनीने विषय काढला.

"यंदाची कमान मी काढते."

सासऱ्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. हे दुकान त्यांनी उभं केलेलं, बोयाची साखळीही त्यांनीच दगडात ठोकलेली. "कशासाठी?"

"बोयासाठी."

"आपल्या घरातल्या बायका हवा भरतात," सासरे म्हणाले. "तुझी सासू भरायची, तू भरतेस. पाण्याखाली पुरुष जातात."

"पुरुषाचा कान गेलाय, बाबा. हवा भरणारीचे दोन्ही शाबूत आहेत."

नवरा ताटाकडे बघत म्हणाला, "ती तयार आहे, बाबा. मी शिकवलंय तिला. पोहण्यात माझ्यापेक्षा शांत आहे."

"आणि आज ती जाऊनही आली," कोळंबी म्हणाली. शेवटी ती घरीच जेवत होती. "मी होते बरोबर."

"तू होतीस?"

"म्हणजे, मागे होते."

"पुढे कधी होतीस तू," म्हणून सासरे उठले. त्या दिवसापासून त्यांनी सुनेशी बोलणं टाकलं. वहिनी समोर बसलेली असली तरी ते मुलीला सांगायचे, "तुझ्या वहिनीला विचार, कंप्रेसरचं तेल बदललं का." कोळंबी मान वळवून विचारायची, "वहिनी, तेल बदललंस का?" आणि वहिनी म्हणायची, "बाबांना सांग, परवाच बदललं." असा तो निरोपांचा धंदा जेवणाच्या एकाच टेबलावर चालायचा. एकदा कोळंबी वैतागून म्हणाली, "मला टपालखात्यात तरी लावा." त्यावर नवरा हसला, सासरे नाहीत.

संघटनेच्या कचेरीत एक टेबल, एक लांब बाक, आणि भिंतीवर समुद्राचा नकाशा, त्यावर चहाच्या कपाचे गोल डाग. अध्यक्ष बाकावर बसले की दुसऱ्या कुणाला जागा उरायची नाही. बंदरावरचे सगळ्यात जुने डायव्हर ते, आणि सगळ्यात भरदारही. त्यांचा अभिमान एकच होता: मीटर बघावा लागत नाही, हवा किती उरली याचा आपल्याला अंदाज असतो.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही हवा भरता, आम्ही संपवतो. बरं चाललंय की. कशाला मोडता?"

"तुम्ही सगळ्यांच्या आधी संपवता, हे मला माहीत आहे. तुमचे सिलिंडर मीच भरते."

दारात उभे असलेले दोघं-तिघं हसले. अध्यक्षही हसले, पण जरा उशिरा.

"कमानीच्या वळणात भलेभले माघारी फिरलेत," ते म्हणाले. "तिथे बाई रडली तर चष्म्यात पाणी साचतं."

"मग तुम्ही रुमाल घेऊन या."

"आणि हॉटेलवाल्यांना मी काय सांगू?"

"सांगा, बोया रिकामा नाही."

अध्यक्षांनी दिवस ठरवून दिला. पाणी दिवसातून मोजक्याच वेळा थांबतं, भरती आणि ओहोटीच्या मध्ये. त्या वेळात कमानीतून जाता येतं. एरवी प्रवाह माणसाला बाटलीच्या बुचासारखा बाहेर फेकतो. ठरलेल्या दिवशी पाणी सकाळी एकदा थांबणार होतं आणि दुपारी एकदा. त्यांनी सकाळ घेतली.

त्या सकाळी वहिनी खाली आली तेव्हा कंप्रेसरच्या खोलीचं दार उघडं होतं. आदल्या दिवशी तिने हौद घासायला रिकामा केला होता आणि पहाटे उठून तो भरायचा, मग सिलिंडर भरायचे, असं ठरवलं होतं. पण खोलीत सासरे उभे होते, बाही दुमडलेली, आणि दोन सिलिंडर भरून दाराशी लावलेले. एक तिचा, एक अध्यक्षांचा.

"झालेत," ते म्हणाले. थेट तिला. कितीतरी दिवसांनी.

 सासऱ्यांनी दोन्ही सिलिंडर स्वतः उचलले, एकेका खांद्यावर, आणि धक्क्यावरून चालत निघाले. बाकीच्या बोटींवरचे लोक बघत होते. त्यांनीच ते बोटीवर चढवले, त्यांनीच पट्टे आवळले, त्यांनीच मीटर वाचून मोठ्याने सांगितलं, "दोनशे आणि दोनशे."

वहिनीचा हात सवयीने उचलला गेला होता. सिलिंडरवर तळहात ठेवायचा, एवढंच. पण माणसांनी भरलेल्या धक्क्यासमोर, सासऱ्यांनी भरून, वाहून, बांधून दिलेल्या सिलिंडरवर सुनेने हात ठेवून तपासायचं, हे तिच्याने झालं नाही. तिने तो हात तसाच वळवून हातमोजा चढवला. इतक्या वर्षांत न तपासलेला हा पहिला सिलिंडर.

बोयाचा दोर धरून दोघं खाली गेले. पाणी स्वच्छ होतं, पंधरा-वीस मीटरपर्यंत दिसत होतं. सुळक्याच्या भिंतीवर तपकिरी शेवाळ एकाच बाजूला कलत होतं, अजून थोडं वाहतं होतं पाणी. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या छोट्या माशांचा एक थवा अध्यक्षांच्या बुडबुड्यांतून आरपार गेला. वहिनीने मीटर बघितला. एकशे शहात्तर.

तिला वाटलं, चुकून वाचलं. एवढ्यात एवढी हवा जाईल कशी? मग थंड पाणी हातमोज्याच्या शिवणीतून आत शिरलं आणि सगळं एका क्षणात जुळलं. रिकामा हौद. सासऱ्यांची घाई. त्यांच्या काळात हौद नव्हताच. झडप पुरती उघडायची आणि दहा मिनिटांत सिलिंडर हातात. सूनबाईला उठल्याबरोबर आयते मिळावेत म्हणून त्यांनी ते तसेच भरले होते. हवा गरम होती. दोनशे कधी नव्हतेच.

तिने आपल्यासाठी हिशोब केला. तो जमत होता. मग ती अध्यक्षांकडे वळली. ते निवांत पोहत होते, मीटरकडे न बघता, त्यांच्या अंदाजाने.

कमानीच्या उत्तर तोंडाशी ती थांबली. समोर काळोख, आणि त्याच्या कडेला जांभळ्या पोवळ्याचे पंखे उघडलेले. तिने आपला मीटर बघितला: एकशे चाळीस. पुढे होऊन अध्यक्षांच्या छातीवरचा मीटर उलटा करून बघितला: एकशे दहा. कमान आणि वरून परतीची वाट, त्यांच्या श्वासाला ऐंशी तरी लागणार. हातात उरणार तीस. आणि तेही वळणात काही अडलं नाही तर.

तिने अंगठा मागे वळवला. माघारी.

अध्यक्षांनी डोळे मोठे केले आणि बोट पुढे केलं. चल.

तिने मान हलवली. त्यांनी पुन्हा बोट दाखवलं, मग तिला बाजूला सारून स्वतःच तोंडात शिरायला निघाले. वहिनीने त्यांच्या खांद्याचा पट्टा पकडला. भला मोठा देह, पण पाण्यात वजनाला काही अर्थ नसतो, तिने पाय दगडाला लावून ओढला तर तो देह अलगद वळला, एखादी होडी धक्क्याला लावावी तसा. तिने मीटर त्यांच्या चष्म्यासमोर धरला. मग पट्टा न सोडता त्यांना दोरापर्यंत आणलं आणि वर घेतलं.

बोटीवर तोंडातली नळी काढल्याबरोबर अध्यक्ष म्हणाले, "संपलं. कमान झाली नाही. घाबरलात तुम्ही, वहिनी, मान्य करा. यात लाज नाही."

"घाबरले असते तर शिरले असते," वहिनी म्हणाली. "तुम्ही बोट दाखवत होतात, आणि मागे फिरले तर बोया जाणार हे मला माहीत होतं. शिरणं सोपं होतं."

"माझ्याकडे भरपूर हवा होती."

"आता किती आहे?"

त्यांनी मीटर उचलून बघितला. "पासष्ट. बघा. पन्नासच्या वरच आहे."

"कमान न काढता पासष्ट. काढली असती तर तीस घेऊन वर आला असता, आणि मग तुम्हीच म्हणाला असता, वहिनी, पन्नास नाहीत."

 अध्यक्ष हेकट होते, पण आकडा दिसल्यावर डोळे मिटणाऱ्यातले नव्हते. त्यांनी मीटर पुन्हा बघितला आणि काचेवर बोटाने टिचकी मारली. "दोनशे होते ना? मग माझा अंदाज चुकला कसा? माझा अंदाज चुकत नाही."

सुकाणूजवळ बसलेल्या नवऱ्याने वहिनीकडे बघितलं. त्यालाही कळलं होतं. सासरे बोटीच्या दुसऱ्या टोकाला, हातात दोराचा वेढा, डोळे दोरावर. वहिनीला एक वाक्य सांगायचं होतं आणि ते सांगितलं तर सासऱ्यांची अब्रू अध्यक्षांच्या तोंडी बंदरभर फिरणार होती.

"आज पाणी थंड आहे," ती म्हणाली.

"पाणी रोजच थंड असतं," अध्यक्ष म्हणाले.

"मी गरम भरले." सासरे दोराकडे बघतच बोलले. "हौद रिकामा होता. मी झडप पूर्ण उघडून भरले. तिने भरले असते तर असं झालं नसतं."

 भावाशेजारी बसलेल्या कोळंबीने हळूच त्याचा हात धरला.

"म्हणजे चूक तुमच्याच घरची," अध्यक्ष म्हणाले.

"घरचीच," वहिनी म्हणाली. "आणि पाण्याखाली ती सापडली तीही घरच्याच माणसाला. दुपारी पाणी पुन्हा थांबतंय. आपण दुपारी जाऊ."

"नियमात एकदाच आहे."

"कुठल्या नियमात? कमानीतून पार न्यायचं आणि पन्नास घेऊन परत आणायचं, एवढंच आहे. मी अजून तुम्हाला नेलंच नाही. तोंडाशी नेलं आणि परत आणलं. परीक्षा सुरूच झाली नाही."

"वकिलाची मुलगी आहात का?"

"नाही. शिंप्याची. मापं नीट घेतल्याशिवाय कापड कापत नाही आम्ही."

अध्यक्ष हसले, या वेळी उशीर न लावता. "आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी दुपारी एकटी कमान काढते, आणि उद्या, आणि परवा. हंगाम सुरू होईपर्यंत रोज. तुम्ही धक्क्यावर बसून बघा. हॉटेलवाल्यांनाही बोलवा. मग सांगा त्यांना, की ही बाई रोज कमान काढते पण तिच्या घरात गाइड नाही."

"एकटीने उतरायला बंदी आहे."

"म्हणूनच तुम्हाला विचारतेय."

त्यांनी टॉवेल डोक्यावर घेतला आणि आत तोंड पुसलं. "दुपारी," टॉवेलच्या आतून आवाज आला.

"आणि मी मीटर मागेन तेव्हा तुम्ही दाखवायचा. अंदाज चालणार नाही."

"तुम्ही परीक्षा द्यायला आलात की घ्यायला?"

बंदरावर परत आल्यावर वहिनीने आधी हौद भरायला लावला. नळी सासऱ्यांनी धरली. बातमी बोटींवरून पुढे गेली होती. कंप्रेसरच्या खोलीच्या दारात माणसं जमली, कुणी खिडकीच्या कट्ट्यावर बसलं. टेकडीवरच्या हॉटेलचा व्यवस्थापकही पांढऱ्या शर्टात येऊन उभा राहिला, जरा लांब, तेलाचे डाग लागणार नाहीत अशा बेताने. अध्यक्ष उलट्या पेटीवर बसून शेंगदाणे खात होते.

वहिनीने दोन्ही सिलिंडर पाण्यात उभे केले, नळ्या जोडल्या आणि झडप एवढीशी उघडली की मीटरचा काटा हलतो आहे की नाही याची शंका यावी. कंप्रेसर धडधडत राहिला. मध्ये तिने तो थांबवला, सिलिंडरवर हात ठेवला, वाट बघितली, पुन्हा चालू केला.

"असं भरत बसलात तर हंगाम संपेल," एक खलाशी म्हणाला.

"तुझा सिलिंडर नेहमी असाच भरते. म्हणून तर तू अजून बोलतोयस."

सासऱ्यांनी नळी बंद केली आणि हौदात हात घातला. पाणी कोमट झालं होतं. त्यांनी बादलीने थोडं उपसलं आणि ताजं गार पाणी ओतलं. मग तिच्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, आता बघ."

तिने सगळ्यांसमोर हातमोजा न घालता दोन्ही सिलिंडरवर तळहात ठेवला. आधी एकावर, मग दुसऱ्यावर, आणि घाई केली नाही. दोन्ही गार होते. मीटर दोनशेवर.

दुपारी उजेड तिरपा पडत होता आणि दोरावरून खाली जाताना तो पाण्यात लांब पट्ट्यांनी उतरलेला दिसत होता. शेवाळ सरळ उभं. पाणी थांबलं होतं. तोंडाशी वहिनीने हात पुढे केला आणि अध्यक्षांनी, एक नाराज नजर टाकून, मीटर दाखवला. एकशे बत्तीस. तिचा एकशे बासष्ट. तिने बोट पुढे केलं.

आत शिरल्याबरोबर थंडी बदलली. टॉर्चच्या उजेडात भिंतीचे रंग पेटून उठले, नारिंगी, लाल, बाहेर कधी न दिसणारे. शेवंडींच्या मिशा कपारींतून बाहेर आल्या आणि आत गेल्या. तिने या वेळी काही मोजलं नाही. मागे वळून त्यांच्या टॉर्चचा उजेड बघायचा, पुढे वळून रस्ता बघायचा, एवढंच काम होतं.

वळणावर अध्यक्षांचा पाय तळाला लागला. गाळ उठला आणि टॉर्चचा उजेड दुधात सोडल्यासारखा झाला. हाताचा पंजा दिसेना. वहिनी थांबली, डावा हात भिंतीवर, उजवा मागे. त्यांचा हात तिच्या हाताला लागला, आणि तो हात घट्ट होता, नेहमीपेक्षा बराच घट्ट. त्यांच्या बुडबुड्यांचा आवाज भरभर येत होता. तिने त्यांचं मनगट दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं, आपल्या श्वासाच्या चालीवर. थोड्या वेळाने बुडबुडे त्या चालीवर आले. मग ती भिंत न सोडता, हात सरकवत, पुढे निघाली. गाळ मागे राहिला. पुढे निळं दिसायला लागलं.

दक्षिणेच्या तोंडाशी पाणी पुन्हा चालू झालं होतं, हलकंच, पण चेहऱ्यावर जाणवण्याइतकं. बाहेर उघड्या पाण्यात चांदीच्या रंगाच्या माशांची एक भिंतच फिरत होती, आणि त्यांच्या मागे, उजेड संपतो तिथे, एक मोठं कासव सावकाश वर श्वास घ्यायला निघालं होतं. अध्यक्षांनी ते तिला बोट करून दाखवलं. तिने मान डोलावली आणि मीटर मागितला. त्यांनी लगेच दाखवला.

प्रवाहाच्या उलट पोहायला गेलो तर यांची हवा पुरणार नाही, हे तिने तिथेच जोखलं. ती उघड्या पाण्यात गेलीच नाही. सुळक्याला चिकटून, दगडाच्या आडोशाने, हाताने धरत धरत तिने त्यांना वर घेतलं. माथ्यावर पोवळ्याच्या आणि शेवाळाच्या मधून एक अरुंद मोकळी पट्टी जात होती, तिथून, पोट जवळजवळ दगडाला लागेल इतकं खाली राहून, दोघं बोयाच्या दोरापर्यंत आले. एकदम वर आलं तर अंगाला बाधतं, म्हणून पाच मीटर खोलीवर दोर धरून थांबायचं असतं, तसे थांबले. अध्यक्ष सगळा वेळ आपल्या मीटरकडे बघत होते.

बोटीवर नवऱ्याने आधी अध्यक्षांना हात दिला, मग तिला. सासरे सुकाणूवर होते. शेजारच्या बोटींवरचे लोक उभे राहून बघत होते. अध्यक्ष दमले होते. पायातले पंख काढायलाही वाकवेना. त्यांनी दोन्ही मीटर कोळंबीच्या हातात दिले.

"तू वाच," ते म्हणाले. "मोठ्याने."

कोळंबीने मीटर उन्हाकडे धरले आणि काचेवरचं पाणी अंगठ्याने पुसलं.

"अध्यक्ष, चौपन्न," तिने वाचलं. "वहिनी, एकशे अठरा."